गोड बंद म्हणून सांगितलं, पण साखर उतरली तर काय करायचं ते सांगितलंच नाही: एका ऊसतोड काकूंच्या बीपी-शुगरची केस

ही केस लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात एक उपकेंद्र आहे, तिथे मी सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. पेशंटचं नाव, गाव, कारखाना काहीच लिहिणार नाही. सगळीकडे काकूच म्हणते, कारण आमच्या आशाताई त्यांना काकूच म्हणतात, आशाताई त्याच गावच्या सूनबाई आहेत आणि काकूंपासून दोन गल्ल्या सोडून राहतात.

काकूंचं वय विचारलं तर त्या म्हणतात "आसंल पंचेचाळीस", आधार कार्ड म्हणतं ५१. काका आणि काकू मिळून एक कोयता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ पैसे मिळतात तेसुद्धा जोडीवर, त्यामुळे एकजण आजारी पडला की दुसऱ्याचंही काम बसतं आणि खाडा, म्हणजे गैरहजेरी, दोघांची धरली जाते. दसरा झाला की टोळी निघते आणि पाडव्याच्या आसपास परत येते. पाच-साडेपाच महिने हे लोक गावात नसतात आणि आपले बीपी-शुगरचे सगळे कार्यक्रम गावाच्या यादीवर चालतात. पुढे जे काय झालं त्याचं मूळ इथेच आहे असं मला वाटतं.

सुरुवात जुलै २०२३ मध्ये झाली. आशाताई काकूंच्या नातवाच्या लसीकरणाचं सांगायला घरी गेल्या होत्या, काकू बोलता बोलता म्हणाल्या, पावसात लई हाल होत्यात गं, रात्री चार-चारदा उठून घरामागं जावं लागतं. रात्री सारखी लघवी म्हणजे शुगर असू शकते, म्हणून ताईंच्या ते डोक्यात राहिलं. वास्तविक काकूंचा सीबॅक फॉर्म आधीच भरलेला होता. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा हा फॉर्म आशा भरते, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम होतो का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का असे प्रश्न असतात आणि स्कोअर ४ च्या वर गेला की त्या माणसाला तपासणीत आधी घ्यायचं. काकूंचा स्कोअर ४ वर थांबला. वयाचे २, मिसरीचे म्हणजे तंबाखूचे २. कमर बारीक म्हणून शून्य, व्यायाम भरपूर म्हणून शून्य (ऊसतोड करणाऱ्या बाईला १५० मिनिटं हे एका सकाळचं काम आहे), आणि आई-बापाला शुगर होती का तर कुणी कधी तपासलीच नव्हती, म्हणून तिथेही शून्य. म्हणजे ज्या घरात कुणी दवाखान्याची पायरी चढलेलं नाही त्या घराचा स्कोअर कमीच येणार. मला हा फॉर्म वाईट आहे असं म्हणायचं नाही, तो उपयोगी आहे, पण रात्री चारदा उठावं लागतं हे त्या फॉर्मपेक्षा आशाच्या कानाला आधी कळलं.

दुसऱ्या दिवशी ताई त्यांना घेऊन उपकेंद्रात आल्या. बीपी कसं मोजलं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथे खूप चुका होतात. चालत आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. चहा किंवा तंबाखू अर्ध्या तासात झालेला नको आणि लघवीला जाऊन यायला सांगायचं. मोजताना आपणही गप्प बसायचं आणि पेशंटलाही बोलू द्यायचं नाही. काकूंच्या बाबतीत अजून एक गोष्ट होती, दंड. अंगाने बारीक बाई पण वीस-पंचवीस वर्षं कोयता चालवून आणि मोळ्या उचलून दंड असा घट्ट झालेला की नेहमीचा पट्टा जेमतेम बसत होता. पट्टा लहान पडला तर बीपी खोटं जास्त दिसतं. मी मोठा पट्टा लावून परत घेतलं. पहिलं रीडिंग १७६/१०२, पाच मिनिटांनी १६८/१००. ग्लुकोमीटरवर शुगर २६४, सकाळी फक्त चहा घेतलेला.

काकूंना पटलंच नाही. त्यांचं म्हणणं, "म्याडम, शुगर बसून खाणाऱ्याला व्हती, म्या तर मोळ्या वाहती." हा समज फक्त काकूंचा नाही, मी स्वतः शिकताना जाड माणसाचंच चित्र डोळ्यासमोर ठेवून शिकले. पण आपल्याकडे बारीक माणसांनाही डायबेटिस होतो, भरपूर होतो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) डायबेटिसवरच्या इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले त्यात देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि मोठ्या माणसांत ३५.५ टक्के लोकांना बीपी असा अंदाज आहे, एवढी माणसं सगळी काही बसून खाणारी नसणार. शिवाय काकूंची पिशवी म्हणजे गर्भाशय अठ्ठाविसाव्या वर्षीच काढलेलं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, चौकशी समितीही झाली, त्याच्या कितीतरी आधीचं हे ऑपरेशन. कागद काहीच नाहीत, अंडाशय ठेवलंय की तेही काढलंय ते काकूंना माहीत नाही. पाळी अशी लवकर गेली की हृदयाचा आणि बीपीचा धोका वाढतो, हे त्यांना ऑपरेशनच्या वेळी कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, तिथे उपाशीपोटी १७१ आणि जेवणानंतर २८३ आली, ग्रामीण रुग्णालयातून एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) करून घेतलं ते ९.२, किडनीचं क्रिएटिनिन नॉर्मल. एमओ सरांनी, म्हणजे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, शुगरसाठी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ आणि बीपीसाठी अम्लोडिपिन ५ सुरू केली. महिन्याने बीपी १५४/९४, म्हणून बीपीचीच दुसरी गोळी टेल्मिसार्टन ४० जोडली. सप्टेंबरअखेर उपाशीपोटी शुगर अजून १६० च्या आसपास होती म्हणून शुगरची दुसरी गोळी ग्लिमेपिराईड १ मिलिग्राम, सकाळी खाण्याच्या आधी. हे सगळं प्रोटोकॉलप्रमाणे आहे, यात डॉक्टरांची काही चूक नाही हे आधीच सांगते.

आता गोळ्या रोज घ्यायच्या कशा. पहिल्या महिन्यात काकूंच्या तीसपैकी अकरा गोळ्या उरल्या होत्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, म्हणाल्या इसरती बाई. मी उपदेश केला, चार्ट दिला, काही फरक पडला नाही. मग आशाताईंनी एक युक्ती केली. काकू सकाळी उठल्या उठल्या मिसरी लावतात, डबी कायम कमरेच्या पिशवीत असते. ताईंनी सकाळच्या गोळ्यांची स्ट्रिप त्याच पिशवीत डबीला रबर लावून बांधून टाकली. मला कळलं तेव्हा मी चिडले. आपण एकीकडे मिसरी सोडा म्हणतो आणि दुसरीकडे औषधच मिसरीला बांधतो, हे काय आहे? ताई शांतपणे म्हणाल्या, "म्याडम, काकू एकांदं टायमाला जेवायचं इसरतील, मिसरी न्हाई इसरायच्या. आधी गोळीची सवय लागू द्या." पुढच्या महिन्यात दोनच गोळ्या उरल्या. मी माझा हट्ट सोडला.

आणि हीच युक्ती पुढे अंगावर आली. पण ते तेव्हा आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही, ना ताईंना ना मला.

निघायची वेळ आली तेव्हा पहिला प्रश्न औषधांचा. आमच्याकडे महिन्याचं औषध देतात आणि काकू पाच महिने कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर. मी सरांना भेटून सांगितलं की आमच्या यादीतले असे नऊजण आहेत, निदान दोन महिन्यांचं तरी द्या. साठा बघावा लागेल, रजिस्टरमध्ये कसं दाखवायचं, असे प्रश्न निघाले, शेवटी दोन महिन्यांचं मिळालं. बाकीच्यासाठी ताईंनी काकूंच्या ट्रीटमेंट कार्डाचा फोटो काढला आणि टोळीतल्या एका तरुण पोरीच्या मोबाईलवर पाठवला. ही पोरगी दहावीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर तोडीला निघालेली. ताईंनी तिला अर्धा तास बसवून घेतलं, कुठली गोळी कशाची ते दाखवलं, पाय कसे बघायचे ते दाखवलं. मला वाटतं या अख्ख्या केसमधला तो सगळ्यात कामाचा अर्धा तास होता, आणि त्याचे पैसे कुठल्याच हेडखाली नाहीत. सीबॅक फॉर्म भरला तर आशाला १० रुपये मिळतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला, अभिमान वाटला, वाटायलाच पाहिजे. पण स्वतःच्या रिचार्जवर कर्नाटकात फोन लावणारी आशा मी रोज बघते आणि तो खर्च तिलाच करावा लागतो.

काकूंना आम्ही काय काय सांगितलं होतं? मीठ कमी, लोणचं-पापड कमी, मिसरी सोडायचा प्रयत्न, पायात चप्पल, आणि गोड एकदम बंद. ऊस तोडताना तोंडात ऊस घालायचा नाही हे ताईंनी हात जोडून तीन-तीनदा सांगितलं होतं, कारण फडात, म्हणजे तोडणीच्या रानात, सकाळपासून सगळे उसाची कांडी चघळतात ही त्यांना पक्की माहिती.

नोव्हेंबरचे शेवटचे दिवस. सकाळी पावणेदहाला ताईंना काकांचा फोन. काकू फडात खाली बसल्यात, थंडीत घामानं भिजल्यात, हातपाय थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलतायत, कोयता मुठीत धरता येईना. काकांना वाटलं बीपीचा झटका आला. ताईंनी पहिल्यांदा विचारलं, शुद्धीत आहेत का, बोलतायत का, गिळता येतंय का. मग विचारलं सकाळपासून खाल्लं काय. तर साडेतीनला उठून कोरा चहा, मिसरी आणि मिसरीसोबतची गोळी. भाकरी? भाकरी अकराला सुटते तेव्हा.

इथे सगळा उलगडा झाला. गावात काकू सहाला उठायच्या, मिसरी लावायच्या, गोळी घ्यायच्या आणि साडेसात-आठला भाकरी खायच्या, तेव्हा ते सगळं बरोबर बसत होतं. फडात मिसरी गेली पहाटे साडेतीनला, भाकरी गेली अकराला आणि मधे सात तास वाकून ऊस तोडणं, सोलणं, मोळी बांधणं. ग्लिमेपिराईड ही शुगर खाली ओढणारी गोळी आहे, पोटात काही नसलं तरी ती ओढतच राहते, आणि अंगमेहनतीने शुगर अजून खाली जाते. सवय तीच राहिली, जागा बदलली. काकूंनी आमचं तंतोतंत ऐकलं होतं, एकही गोळी चुकवली नव्हती, आणि त्यामुळेच त्या फडात कोसळल्या. मला ही गोष्ट अजून झोपू देत नाही कधीकधी.

ताई फोनवर म्हणाल्या, ऊस चावायला द्या, लगेच. काका म्हणाले, "अगं तुम्हीच तर गोड बंद केलंय तिचं!" आणि काकू स्वतः तोंड फिरवत होत्या. चारी बाजूंनी उभा ऊस, पायाशी तोडलेल्या उसाचा ढीग, आणि साखर उतरलेली बाई ऊस तोंडात घ्यायला तयार नाही, कारण आम्ही तिला सांगितलं होतं की ते तुझ्यासाठी विष आहे. ताई अक्षरशः ओरडल्या फोनवर, आत्ता द्या, माझ्या नावावर द्या. त्या दहावीवाल्या पोरीने कांडं सोलून बारीक फोडी करून काकूंना चघळायला दिल्या, थरथरत्या तोंडाने धड चावता येईना तेव्हा ट्रॅक्टरवाल्याच्या थर्मासातला गोड चहा घोट-घोट पाजला. पंधरा-वीस मिनिटांत घाम थांबला, काकू ओळखीचं बोलायला लागल्या. मग भाकरी खाऊ घातली, कारण नुसत्या गोडाने वर आलेली शुगर परत उतरू शकते. नक्की किती उतरली होती ते कधीच कळणार नाही, तिथे ग्लुकोमीटर नव्हता. पण लक्षणं आणि गोडाने आलेला फरक बघता दुसरं काही असेल असं मला वाटत नाही.

ज्यांच्या घरात शुगरचा पेशंट आहे त्यांनी हे नीट वाचा. घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड, डोळ्यापुढे अंधारी, भ्रमल्यासारखं बोलणं, यातलं काही झालं आणि माणूस शुद्धीत असला की तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर परत द्यायची, बरं वाटलं की जेवण द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि थेट दवाखाना, १०८ ला फोन. मशीन असेल तर ७० च्या खालचं रीडिंग म्हणजे साखर उतरली. मशीन नाही म्हणून वाट बघत बसायचं नाही.

त्या दिवशी दुपारी मी एमओ सरांशी बोलले, त्यांनी ग्लिमेपिराईड लगेच बंद केली आणि मेटफॉर्मिन हळूहळू वाढवायला सांगितली, कारण मेटफॉर्मिन एकटीने सहसा शुगर एवढी खाली नेत नाही. आणि मग ताईंनी आणि मी बसून जे काम सप्टेंबरमध्ये करायला पाहिजे होतं ते डिसेंबरच्या तोंडावर केलं. काकूंच्या फडातल्या दिवसाचं वेळापत्रक लिहून काढलं. साडेतीनला उठणं, चारला निघणं, अकराला भाकरी, दुपारी परत तोड, संध्याकाळी गाडी भरायची असेल तर आठ नाहीतर सहा, खोपीवर (राहायच्या झोपडीवर) आल्यावर स्वयंपाक, नऊला जेवण. गाडी रात्री आली तर रात्रीही भरायला उठावं लागतं. याच्यात गोळी कुठे बसते? ताईंनी मिसरीची डबी सोडवली आणि सकाळची मेटफॉर्मिन भाकरीच्या फडक्याच्या टोकाला गाठ मारून बांधायला सांगितली, म्हणजे फडकं सोडलं की गोळी हातात आलीच पाहिजे, भाकरी नाही तर गोळी नाही. संध्याकाळची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. बीपीच्या दोन्ही गोळ्यांना खाण्याची अट नाही, त्या संध्याकाळी चूल पेटवताना.

हे बरं चाललं, पण मेटफॉर्मिन दोन-दोन केल्यावर वेगळीच अडचण आली. ताई दर रविवारी फोन करून त्या पोरीला स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजायला लावायच्या (गोळ्या घेता का असं विचारलं की सगळे हो म्हणतात, किती उरल्या असं विचारायचं). तर सकाळच्या गोळ्या जास्त उरत होत्या. काकू सांगायला लाजत होत्या, मग कळलं की पोट बिघडतंय. मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट ढिलं होतं हे आम्हाला माहीत असतं आणि आम्ही म्हणतो आठ-दहा दिवसांत बसेल. पण खोपीवर संडास नाही, फडात आडोसा नाही, बायका अंधारातच उरकून येतात, दिवसा पोट बिघडलं तर जायचं कुठे? काकूंनी गोळी निम्मी केली त्यात त्यांचं काय चुकलं? सरांशी बोलून सकाळी एक आणि रात्री जेवणासोबत दोन असं केलं. ते जमलं.

औषध संपत आलं डिसेंबरअखेर. तिथल्या सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी, आणि सकाळी गेलं की खाडा. ताईंनी थेट मुकादमाला फोन लावला. मला वाटलं होतं त्या त्याला माणुसकीचं सांगतील, पण ताईंनी हिशोबाचं सांगितलं, की काकू पडल्या तर अख्खा कोयता बसतो, तुमची उचल अडकते, एक सकाळ सोडा. तो तयार झाला. कारखाना एक दिवस बंद पडला त्या दिवशी काकू, ती पोरगी आणि अजून दोघंजण दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरना मराठी येत होतं, कार्डाचा फोटो बघून त्यांनी बीपी घेतलं, १४२/८८ आलं, अम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन महिनाभराची दिली, टेल्मिसार्टन त्या दिवशी नव्हती. ती आम्ही गावातून पाठवली, टोळीतला एकजण लग्नाला गावी आला होता त्याच्याकडे, दोन महिन्यांची. एका माणसाच्या औषधाची साखळी फोटोवर, लग्नावर आणि कारखाना बंद पडण्यावर अवलंबून असावी हे बरोबर नाही, पण त्या हंगामात ती अशीच टिकली.

पायाचं थोडक्यात. उसाचं धसकट तळपायात घुसतं, पाचटाने पाय कापतात, आणि शुगरमध्ये पायाची जाणीव कमी झाली की जखम कळतही नाही. पोरीला शिकवलं होतं त्याप्रमाणे ती रोज रात्री मोबाईलच्या उजेडात काकूंचे तळवे बघायची. जानेवारीत एक धसकट सापडलं, काकूंना पत्ताच नव्हता. वेळेत काढलं, धुतलं, पट्टी केली, भरलं. पत्ताच नव्हता याचा अर्थ तळव्यांची जाणीव कमी व्हायला लागलीय, हे मी त्यांच्या कार्डावर लाल पेनने लिहून ठेवलंय.

मार्चअखेर टोळी परत आली. काकूंचं बीपी १३६/८४, उपाशीपोटी शुगर १२८, एचबीएवनसी ७.४. मी आणि ताई दोघीही त्या कागदाकडे बघतच राहिलो. आणि आमच्या रिपोर्टमध्ये याच काकू दोन तिमाहींना मिस्ड व्हिजिट, म्हणजे तपासणीला न आलेल्या, म्हणून गेल्या होत्या. बीपी नियंत्रणाचा जो उपक्रम देशात २०१७ मध्ये सुरू झाला, आपल्याकडे सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत, त्याची रीत मला मनापासून पटते: एकच साधा प्रोटोकॉल, फुकट औषधं, प्रत्येक पेशंटचं कार्ड आणि १४०/९० च्या खाली किती आले याचा हिशोब. पण तो हिशोब व्हिजिटवर चालतो. ज्या बाईने पाच महिने परमुलखात, खोपीत राहून औषध चालू ठेवलं ती आमच्या कागदावर औषध सोडलेली दिसते, आणि जी तिला रविवारी रविवारी फोन करत होती तिचं कामही त्या कागदावर दिसत नाही.

याच टोळीतल्या एका माणसाबद्दल लिहिल्याशिवाय ही केस पुरी होत नाही. वय पन्नाशीच्या आतलं. फेब्रुवारीत फडातच उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी २००च्या वर होतं. आमच्याकडे त्याचं एकही रीडिंग नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही गावात दोनदा कॅम्प घेतला, दोन्ही वेळा दिवसा, आणि तो दोन्ही वेळा दुसऱ्याच्या रानात खुरपणीला गेलेला होता. ताईंनी त्याच्या घरी दोन चकरा मारल्या होत्या हे मला माहीत आहे. तरी त्या म्हणतात, म्याडम, तिसरी चक्कर रात्रीची मारायला पाहिजे होती. त्यांनी एकटीने रात्रीच्या चकरा का माराव्यात याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण २०२४ च्या पावसाळ्यात आम्ही संध्याकाळी सात ते नऊ मारुतीच्या पारावर मशीन घेऊन बसलो, एएनएम सिस्टरही आल्या. पहिल्याच आठवड्यात नवीन अकराजण सापडले, त्यातले सातजण तोडीला जाणारे.

आता दसऱ्याच्या आधी आमची वेगळी यादी निघते, तोडीला जाणाऱ्यांची. प्रत्येकाच्या कार्डाच्या मागे ताई तीन गोष्टी लिहून घेतात: फडात किती वाजता उठता, पहिली भाकरी किती वाजता, टोळीत वाचता येणारं कोण आहे. सरांना ते कार्ड दाखवूनच गोळ्या ठरतात. आणि प्रत्येकाला साखरेची पुडी देतो, भाकरीच्या फडक्यात ठेवायला. काकूंनी ती घेतली नाही, म्हणाल्या, "पुडी कशाला, फडात काय उसाला कमी हाय? आता कळलंय मला कवा खायचा आन कवा न्हाई." मी तरी दिलीच, पिशवीत घातली.

मिसरी सुटलेली नाही, दिवसातून चारदा होती ती दोनदा झालीय. डोळ्याच्या पडद्याची तपासणी अजून राहिलीय. त्यासाठी बीडला जिल्हा रुग्णालयात न्यावं लागतं, एक दिवस मोडतो आणि काकू म्हणतात खुरपणी झाल्यावर बघू. ताईंनी पुढच्या बुधवारचं ठरवलंय, स्वतः सोबत जाणार आहेत, एसटीने.